नॉट माय रॉड्रिक

‘डायरी ऑफ अ विम्पी किड’ ज्यांनी शाळेत बाकाखाली धरून वाचलंय, त्यांनी इअरफोन नीट लावा. आज तुमच्यासाठीच बोलतोय.

जेफ किनीच्या पुस्तकांत एक सोय आहे. त्यातला ग्रेग कधी मोठाच होत नाही. पण कॅमेऱ्यासमोरची पोरं वाढतात ना! 2010 ते 2012 या काळात तीन सिनेमे आले, तोवर ग्रेग झालेला झॅकरी गॉर्डन 14 वर्षांचा झाला होता. मग 2017 मध्ये चौथा भाग आला, ‘द लाँग हॉल’. दिग्दर्शक जुनाच, डेव्हिड बॉवर्स. घरातली माणसं मात्र सगळी नवी.

ट्रेलर आला आणि नेटवर नुसता धिंगाणा. आई-बाबा बदलले त्याचं कुणाला फार काही वाटलं नाही. सगळा राग निघाला तो मोठ्या भावावर, रॉड्रिकवर. डेव्हन बॉस्टिकचा रॉड्रिक छळायचा, पण भाऊ वाटायचा. दुसऱ्या भागात तर त्या दोघांची गट्टी जमते, ते आजही बघा. नव्या चार्ली राइटचा फोटो लावून जगभर ‘नॉट माय रॉड्रिक’ सुरू झालं. मीपण आमच्या ग्रुपवर दोन-तीन मीम टाकले. सिनेमा न बघता, बरं का.

परवा शेवटी बघितला. हेफली कुटुंब पणजीच्या नव्वदाव्या वाढदिवसाला गाडीने निघतं आणि आई सगळ्यांचे फोन काढून घेते. पण त्याआधी काय होतं? एका हॉटेलातल्या बॉल पिटमध्ये ग्रेगच्या हाताला कुणाचा तरी घाणेरडा डायपर चिकटतो. कुणीतरी शूट करतं आणि पोरगा मीम होतो. पुढे तो जाईल तिथे लोक त्याला ‘डायपर हँड्स’ म्हणून ओळखतात.

मी पॉजच केलं. सिनेमातल्या भावाचं जे झालं, तेच बाहेर रॉड्रिकचं झालं होतं, आणि व्हिडिओ फिरवणाऱ्यांत मी होतो.

सिनेमा चांगला आहे का? नाही. विनोद अर्धेअधिक शी-शूचे, आणि या रॉड्रिकला बावळट करून टाकलंय. पण ते लिहिणाऱ्यांनी केलंय, त्या पोराने नाही.

रात्री ग्रुपवर वर वर स्क्रोल करत ते मीम शोधून काढले. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ आता येत नाही. खाली अजून माझेच हसणारे इमोजी आहेत.