बॅकअप रिस्टोर करून पाहिलात का?

पतसंस्थेचे सचिव भेटोत, दवाखान्याचे डॉक्टर भेटोत, नाही तर दूध संघातले हिशेबनीस, मला प्रश्न एकच येतो: "आमचा सर्व्हर, आमचं नेटवर्क भरवशाचं आहे, हे ओळखायचं कसं?" मी उलट विचारतो, बॅकअप घेता का? "हो तर, रोज रात्री आपोआप होतो." बरं, रिस्टोर करून कधी पाहिलात? मग कोणी बोलत नाही.

रिस्टोर करून न पाहिलेला बॅकअप हिशेबात धरू नका. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका इंजिनिअरने स्टँडबाय सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. हात आवरेपर्यंत सुमारे ३०० जीबी गेले होते. बॅकअपच्या एक सोडून पाच सोयी होत्या, पण ऐनवेळी धड एकही नाही. डेटाबेस ९.६ व्हर्जनचा, बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ चा, त्यामुळे रोजचा बॅकअप तयारच होत नव्हता. तसा इशारा देणारे ईमेल सुटत होते, पण पलीकडचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. सुमारे सहा तास आधी कोणीतरी वेगळ्याच कामासाठी हाताने काढलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

जे जे 'दुसरं' म्हणून बाजूला ठेवलंय, त्या सगळ्याचं हेच. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लाइनी घेतल्या होत्या. २४ फेब्रुवारी २०२१ ला दोन्ही एकदमच डळमळल्या; बाजाराने कारण दिलं रस्त्यावरच्या खोदकामाचं. सकाळी ११.४० ला थांबलेले सौदे दुपारी ३.४५ ला सुरू झाले. त्याच बाजाराने २ मार्च २०२४ ला, शनिवारी, मुद्दाम दोन सत्रं ठेवली. पहिलं नेहमीच्या केंद्रातून, दुसरं आपत्कालीन केंद्रातून. सौदे खरे, पैसे खरे.

आणि आपण? चार काउंटरांची पतसंस्था, तरी म्हणणार, "साहेब, बंद केलं आणि परत चालूच झालं नाही तर?" अहो, मग ते ३१ मार्चच्या संध्याकाळी कळलेलं बरं, की एखाद्या निवांत रविवारी? व्हेंडरच्या स्क्रीनवरची हिरवी खूण दाखवू नका मला. काम सुरू झालं आणि संपलं, एवढंच ती सांगते.

तर दर तिमाहीला एक रविवार काढा. वेगळ्या, रिकाम्या मशिनवर रिस्टोर करा. चालू सर्व्हरवर नव्हे, पुन्हा सांगतो, चालू सर्व्हरवर नव्हे. किती वेळ लागला तो लिहून ठेवा. फाइल उघडली म्हणजे झालं नाही. आदल्या दिवसाची रोख शिल्लक जुळवा, दहा-बारा खाती ताडून बघा. आणि हे तुमच्या हिशेबनिसाकडून करून घ्या, ज्याने बॅकअप बसवला त्याच्याकडून नको.

बाकीचं थोडक्यात. ९९.९ टक्के चालण्याची हमी म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा, तेव्हा करार नीट वाचा. यूपीएस मेन स्विच पाडून तपासा. अपडेट आधी एका मशिनवर टाका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले होते.

आणि हो, ती बॅकअपची हार्डडिस्क सर्व्हरला कायम जोडलेली असेल, तर आज आधी ती काढा. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर शिरलं तर सर्व्हरबरोबर तीही जाते. पासवर्ड घालून दुसऱ्या शाखेत ठेवा. तिथूनच आणून येत्या रविवारी रिस्टोर करा.