मागण्यापूर्वीची तयारी
(मॉरिसव्हिल येथे केलेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन)



कोकणात एकाकी राहणाऱ्या आपल्या वृद्धांच्या घरी परिचारिका पाठविण्याचा आपला संकल्प आहे. त्यासाठी मोठी देणगी मागण्यास गेल्या वर्षी मी एका सधन स्नेह्यांकडे गेले आणि "समाजासाठी काही करा," एवढेच म्हणाले. त्यांनी शांतपणे विचारले, "सिस्टर, किती जणांसाठी? किती काळ? मी दिले नाही तर काय होईल?" मी निरुत्तर झाले. जन्मभर रुग्णांच्या नोंदी काटेकोर ठेवणारी मी, त्या दिवशी कोरा कागद घेऊन गेले होते.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी असे केले नाही. १८७५ मध्ये त्यांनी मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली. १८९२ मध्ये इंग्रजीत एक पुस्तिका छापली. तिच्या शीर्षकातच समाजाचा इतिहास आणि त्याच्या शिक्षणासाठी आवाहन ही दोन्ही एकत्र होती. कोकणातले 'शनिवार तेली' कोण, हे परक्या वाचकाला कसे ठाऊक असणार? म्हणून आधी ओळख, मग मागणी. लंडनची अँग्लो-ज्यूइश असोसिएशन शाळेला साहाय्य करीत असे. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचे नाव मिळाले.

आपल्यालाही दोन पानांचे असे निवेदन हवे. आपण कोण? उणीव कोणती? या पैशाने नेमके काय होईल? हिशेब कोण देईल? अंथरुणाला खिळलेले किती, इन्सुलिन टोचून देण्यास कुणी नाही असे किती, हे आधी मोजावे. परिचारिकेचे वेतन, प्रवास, औषधे यांची तीन वर्षांची बेरीज मांडावी. करुणेने मन द्रवते. परंतु मोठी रक्कम देणारा विश्वास शोधतो.

दुसरे, दुसऱ्यापुढे हात पसरण्यापूर्वी आपण स्वतः द्यावे. रक्कम लहान असली तरी चालेल. परंतु आपल्यापैकी प्रत्येक घराचे नाव यादीत असावे. तिसरे, पोच. अमेरिकेत २५० डॉलर वा अधिक देणगीवर करसवलत मागणाऱ्यास संस्थेची लेखी पोच लागते. ती न मागता, वेळेवर पाठवावी.

पुढील सभेपूर्वी प्रत्येकाने गावाकडील आपल्या वृद्ध आप्तांना फोन करावा आणि त्यांच्या संमतीने त्यांची गरज लिहून आणावी. त्या स्नेह्यांकडे मला पुन्हा जायचे आहे. त्यांच्या तीन प्रश्नांची उत्तरे तुमच्याच घरांतून येणार आहेत.

शालोम.