परवानगी नाहीं !



गेल्या पावसाळ्यांत माझा जुना संगणक कायमचा बंद पडला. आंतील डिस्क मात्र शाबूत होती. वडिलांच्या पत्रांच्या प्रती व घरचीं छायाचित्रें तिच्यांत असल्यामुळें मीं ती लिनक्सवर चालणाऱ्या नव्या संगणकाला जोडली. फाइलींचीं नांवें दिसूं लागलीं. परंतु एकहि फाइल उघडेना. प्रत्येक वेळीं एकच उत्तर : ‘परमिशन डिनाइड’, परवानगी नाहीं ! आपल्याच घराच्या उंबरठ्यावर आपल्याला कोणीं अडवावें, तसें मला झालें.

ही व्यवस्था मूळची १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत जन्मलेल्या युनिक्स प्रणालीची. एकाच यंत्रावर अनेक माणसें काम करीत. एकाचे कागद दुसऱ्यानें चाळूं नयेत, ही काळजी घेणें अवश्य होतें. म्हणून प्रत्येक फाइलीच्या संबंधांत तीन पक्ष मानले : मालक, त्याचा गट आणि इतर सर्व. प्रत्येकाला वाचण्याचा, लिहिण्याचा व चालविण्याचा असे तीन अधिकार देतां येतात. वाचण्याचे अंक ४, लिहिण्याचे २, चालविण्याचा १. त्यांची बेरीज मांडावयाची. ६४४ म्हणजे मालकानें वाचावें व लिहावें, गटानें आणि इतरांनीं केवळ वाचावें. फोल्डरच्या बाबतींत मात्र ‘चालविणें’ याचा अर्थ ‘आंत शिरणें’ असा होतो.

हें सारें ठाऊक असूनहि मीं घाई केली. ‘सुडो’ या आज्ञेनें सर्वाधिकारी रूटचें बळ उसनें घेतलें, आणि ‘सीएच-मॉड’ या आज्ञेनें साऱ्या संग्रहाला ७७७ हा अंक देऊन टाकला. फाइली उघडल्या. परंतु ७७७ म्हणजे सर्वांना सर्व कांहीं ! त्या यंत्रावर घरांतील इतरांचींहि खातीं आहेत. वडिलांचीं खासगी पत्रें आतां कोणीहि वाचावीं, बदलावीं वा चुकून पुसून टाकावीं, अशी स्थिति झाली. त्याच संग्रहांत दूरच्या यंत्रावर प्रवेश देणारी माझी एसएसएचची खासगी किल्ली होती. ती माझ्या फोल्डरांत नकलून घेऊन वापरूं गेलों, तों प्रणालीनें ती नाकारली. जी किल्ली इतरांनाहि वाचतां येते, ती किल्ली कसली ?

तेव्हां शांतपणें ‘एल्‌एस्’ आणि त्यापुढें आडवी रेघ व ‘एल्’ अशी आज्ञा दिली. मालकाच्या जागीं नांव नव्हतें. १००१ हा आंकडा होता. नव्या यंत्रावर माझा क्रमांक १०००. डिस्कवर मालकाचें नांव नव्हे, क्रमांक लिहिलेला असतो. दोष कुलपाचा नव्हता. मालकीची नोंद जुन्या क्रमांकावर होती, एवढेंच! ‘सीएच-ओन’ या आज्ञेनें संग्रह माझ्या नांवें केला. सुडोचा उपयोग खरा येथें होता, कारण मालकी बदलण्याचा अधिकार रूटचाच.

राहिलें तें ७७७ निस्तरणें. सरसकट ६०० दिले, तर फोल्डरांत शिरण्याचाच अधिकार जातो आणि आपणच बाहेर अडकतों. म्हणून ‘फाइंड’ या आज्ञेनें दोन्ही वेगळे काढले : फोल्डरांना ७००, फाइलींना ६००. पत्रें पुन्हा माझीं झालीं, आणि केवळ माझीं. किल्लीच्या प्रतीलाहि ६०० देतांच तिनें दार उघडलें.

म्हणून सांगतों, ‘परवानगी नाहीं’ असें उत्तर आलें, तर लगेच कुलूप फोडूं नका. ‘आयडी’ ही आज्ञा देऊन आपण कोण तें पाहा. फाइलीचा मालक कोण तें पाहा. तिच्यापर्यंतच्या वाटेवरील एखाद्या फोल्डरचें दार लागलेलें नाहीं ना, तेंहि पाहा. मग जेवढा अधिकार लागतो, तेवढाच द्या. कुलूप चोरासाठीं असतें हें खरें; परंतु आपल्या उतावीळ हातालाहि तें घटकाभर थांबवितें, हा त्याचा उपकार थोडा नव्हे.