सोडा, लिंबू आणि बालवाडी

(कोपरी येथे पालक व बालवाडी शिक्षिकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विज्ञान म्हटले की आपल्यापुढे कुलूपबंद कपाट उभे राहते. चार-पाच वर्षांच्या मुलाला त्या कपाटाची गरज नाही. इफ्तारच्या भज्यांसाठी आपल्या घरात खाण्याचा सोडा असतोच. एका ताटलीत चमचाभर सोडा पसरा, मुलाच्या हातात लिंबाची फोड द्या आणि आपण गप्प बसा. हे गप्प बसणेच अवघड आहे!

थेंब पडताच सोडा फसफसतो. लिंबातील आम्ल आणि सोडा यांच्या संयोगाने कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, ते हे बुडबुडे. हे स्पष्टीकरण मुलाला त्या दिवशी सांगू नका. त्याला ताटलीजवळ कान नेऊ द्या. बारीक सूं-सूं ऐकू येईल. बोट लावू द्या. ते मिश्रण गार लागते, कारण ही क्रिया होताना आसपासची उष्णता शोषली जाते. सोड्यात चिमूटभर हळद कालवून ओली केली तर रंग लालसर होतो आणि लिंबू पिळताच पुन्हा पिवळा. हे पाहिल्यावर कोणते मूल गप्प राहील?

मला महत्त्वाचे वाटते ते हेच. आपली पुष्कळ मुले घरी उर्दू किंवा कोकणी बोलतात आणि मराठी वर्गात महिनोन्‌महिने तोंड उघडत नाहीत. बाई त्यांना ‘मंद’ समजतात. हाताखाली काही घडू लागले की शब्द आपोआप बाहेर पडतो, मग तो ‘ठंडा’ असो की ‘गार’. पहिल्या दिवशी दोन्ही चालवून घ्या. ‘अल्कली’ हा शास्त्राचा शब्दही वनस्पतींच्या राखेसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘अल-कली’ या अरबी शब्दापासूनच आला आहे.

ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली आपल्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरातील वस्तूच हाताशी धरल्या. बोर्डी आज पालघर जिल्ह्यात आहे.

काळजी मात्र घ्या. धुण्याचा सोडा अजिबात वापरू नका. लिंबाचा हात डोळ्याला लागू देऊ नका. बाटलीत मिश्रण भरून बूच लावू नका. आत कोंडलेला वायू बूच उडवतो. आणि एकाने करायचे, तिसांनी पाहायचे, असे करू नका. पाच-सहा मुलांमागे एक थाळी ठेवा.

पुढच्या आठवड्यात अंड्याचे कवच सिरक्यात टाका. त्यावरही बुडबुडे धरतात. खडू टाकून पाहिलात तर बहुधा काही होणार नाही, कारण हल्ली खडू बहुतेक जिप्समचे असतात. खाडीकाठचे शिंपले चालतील, पण आधी ते स्वच्छ धुऊन उकळून घ्या.