रस्त्यावरचा मृत्यू कोणाच्या खात्यावर?

(सांगली येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो आपल्या ठरावांत क्वचितच आढळतो. रस्त्यावरील अपघात हा पोलिसांचा, फार तर नशिबाचा विषय मानण्याची आपल्याला सवय झाली आहे. माझ्या मते हा खर्चाच्या वाटपाचा प्रश्न आहे. म्हणूनच तो समाजवाद्यांचाही आहे.

आपल्याच दोन जिल्ह्यांतील दोन घटना पाहा. ऑक्टोबर २०१७ मध्ये तासगाव तालुक्यात फरशीने भरलेला, कराडकडे निघालेला ट्रक पहाटे उलटला आणि त्यावर बसलेले किमान १० मजूर मरण पावले. पुढे सहा महिन्यांनी, एप्रिल २०१८ मध्ये, खंबाटकीच्या बोगद्याजवळील ‘एस’ वळणावर बांधकाम मजुरांचा ट्रक उलटला. किमान १७ जणांचा बळी गेला. दोन्ही ट्रकांतील माणसे पोटासाठी कर्नाटकातून आपल्याकडे येत होती.

‘चालकाचा ताबा सुटला’ असे अशा बातम्यांत छापून येते. ते खरेही असेल. पण माणसे मालाच्या ट्रकात का बसतात? चूलबोळक्यासह बिऱ्हाड हलवणाऱ्या मजुराला परवडेल अशी बस त्याच्या वाटेवर आणि त्याच्या वेळेला नसते म्हणून. मजुरांना मालावर बसवून नेले की काम देणाऱ्याचा प्रवासखर्च वाचतो. के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्येच दाखवून दिले होते, की खासगी व्यवसाय आपल्या खर्चाचा मोठा वाटा हिशेबात न घेता इतरांच्या माथी मारतो. येथे तो खर्च मजुराच्या विधवेच्या माथी बसतो.

खंबाटकीचे ते वळण सरळ करण्यासाठी पुढे नव्या बोगद्यांचे काम हाती घेण्यात आले. म्हणजे दोष रस्त्याच्या आखणीतही होता, हे शासनाने कृतीने मान्य केले.

आता देशाकडे पाहू. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालत होती. रस्ते रुंद होतात ते मोटारींच्या वेगासाठी; मरणाऱ्यांत मात्र दर दहांपैकी सहा जण मोटारीत बसलेले नसतात. सांगली–मिरज रस्त्यावर अथवा साताऱ्याच्या पोवई नाक्यावर एखादी वृद्ध स्त्री रस्ता ओलांडताना पाहा, म्हणजे या आकड्यांचा अर्थ उमगेल. पदपथ हा नगररचनेतील शोभेचा भाग नव्हे. ज्याच्याकडे वाहन नाही, त्याचा तोच रस्ता आहे.

यावर कोणी म्हणेल, लोकच नियम पाळत नाहीत. हा आक्षेप पोकळ नाही. हेल्मेटसक्तीला विरोध करणे लोकप्रिय असेल, पण ज्या कामगाराच्या कमाईवर पाच जणांचे पोट चालते, त्याचे डोके उघडे ठेवण्यात कसली क्रांती आहे? दंड जरूर व्हावा. तो सर्वांना व्हावा. २०१९ च्या दुरुस्तीने वाहनचालकांचे दंड अनेक पटींनी वाढले. त्याच दुरुस्तीने रस्ता सदोष बांधून कोणाचा मृत्यू ओढवल्यास ठेकेदार, सल्लागार व संबंधित प्राधिकरण यांनाही दंड ठेवला. मात्र त्याची कमाल मर्यादा एक लाख रुपये! कोट्यवधींच्या कामात ही रक्कम किरकोळ खर्चात जिरून जाईल.

स्वीडनने १९९७ साली धोरण म्हणून स्वीकारले, की माणूस चुकणारच. त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये अशी व्यवस्था रस्ता बांधणाऱ्याने केली पाहिजे. हा विचार आपल्याला परका वाटू नये. यंत्रावर हात तुटलेल्या कामगाराला ‘तुझेच लक्ष नव्हते’ असे सांगणाऱ्या मालकाशी आपली चळवळ याच भूमिकेवरून भांडत आली आहे.

मग करायचे काय? आज कोणी मेले की गावकरी रास्ता रोको करतात, एक गतिरोधक पडतो आणि प्रकरण मिटते. याऐवजी मागण्या ठरवून मांडल्या पाहिजेत. एसटीच्या बंद पडलेल्या फेऱ्या पुन्हा सुरू कराव्यात आणि मजुरांच्या हंगामी स्थलांतरासाठी जादा गाड्या सोडाव्यात. महापालिका व नगरपालिकांच्या अंदाजपत्रकात पदपथांसाठी स्वतंत्र तरतूद असावी. वारंवार अपघात होणाऱ्या ठिकाणांची यादी व तेथे केलेली दुरुस्ती तहसील कचेरीत लोकांसमोर लावावी.

एक काम तर सर्वस्वी आपल्या हातातले आहे. गळीत हंगामात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून रात्री ऊस वाहिला जातो. मागे दिवा नसतो, परावर्तक पट्टीही नसते. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ट्रॉली दिसते ती आदळण्याच्या क्षणी. वाहतूकदाराला टनावर पैसे मिळतात, म्हणून भार वाढतो, खेपा वाढतात आणि झोप कमी होते. आपल्यापैकी अनेक जण सहकारी साखर कारखान्यांचे सभासद आहेत. परावर्तक पट्टी व मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीचा ऊस वजनकाट्यावर घेऊ नये आणि पट्टीचा खर्च कारखान्याने सोसावा, असा ठराव येत्या वार्षिक सभेत मांडा. पट्टीला फार पैसे लागत नाहीत. संचालक मंडळ नाही म्हणाले, तर त्याची कारणे सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.