मुलीला नवजात बाळांची नर्स करायची असेल तर

आम्ही वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातल्या, पारोळ-मांडवीकडच्या बचत गटांच्या बायका. आज सगळ्यात आधी आमची एक चूक सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका ताईने मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ४० हजारांचे कर्ज मागितले. मुलगी बारावी झालेली. तिच्या चुलत बहिणीचे बाळ सातव्या महिन्यातच झाले होते, १ किलो ४०० ग्रॅम वजनाचे. ते महिनाभर काचेच्या पेटीत होते. बहिणीला डबा द्यायला ही रोज दवाखान्यात जायची, तिथल्या सिस्टरचे काम बघायची. बाळ घरी आले तेव्हा हिने आईला सांगितले, "मला हेच करायचंय."

आम्ही कौतुकाने सह्या केल्या. एका वर्षाचा कोर्स, की लगेच नोकरी, असे त्या क्लासवाल्याने सांगितले होते. वर्षाने मुलगी सर्टिफिकेट घेऊन दवाखान्यात गेली, तर तिथे विचारले, "कौन्सिलचा नोंदणी नंबर कुठे आहे?" नंबर नव्हता. त्या कोर्सला मान्यताच नव्हती. पैसे गेले, मुलीचे वर्ष गेले, आणि तिची आई मात्र हप्ते भरत राहिली. क्लासवाल्याने फसवले हे खरे, पण कागद न बघता सह्या आम्ही केल्या होत्या.

म्हणून आज नीट माहिती सांगतो. अगदी लहान, आजारी बाळांना जिथे ठेवतात त्याला खासगी दवाखान्यात एनआयसीयू म्हणतात. सरकारी दवाखान्यात एसएनसीयू असतो, म्हणजे विशेष नवजात काळजी कक्ष. तिथे काम करायचे तर आधी पूर्ण नर्स व्हावे लागते. त्याला दोन वाटा आहेत. एक जीएनएम, तीन वर्षांची. बारावीला इंग्रजी हवे आणि ४० टक्के हवेत. विज्ञान असले तर बरे, पण कला शाखेची मुलगीही जाऊ शकते. दुसरी बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांची. तिला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते, शिवाय सीईटी द्यावी लागते. म्हणजे ज्या मुलीला बी.एस्सी. करायचे तिने दहावीनंतर शाखा निवडतानाच हे ठरवावे. एएनएम हा दोन वर्षांचा कोर्सही मान्यतेचा आहे, पण अतिदक्षता विभागासाठी जीएनएम किंवा बी.एस्सी. विचारतात.

पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते. ती झाली की मुलगी नर्स. पुढे एखाद-दोन वर्षे बाळांच्या विभागात काम केल्यावर नवजात शुश्रूषेचा एक वर्षाचा पदविका कोर्सही करता येतो.

आता हे काम कसले, ते ऐका. बाळाचे अंग साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअसमध्ये राहिले पाहिजे. श्वास मिनिटाला साठच्या वर गेला की डॉक्टरांना बोलवायचे. ऑक्सिजन कमी पडला तर धोका, आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळाला जास्त झाला तर डोळ्यांना धोका. दुधाचाही हिशोब असतो. समजा बाळ १ किलो ६०० ग्रॅमचे आहे आणि डॉक्टरांनी दिवसाला किलोमागे ६० मिलिलिटर दूध सांगितले. म्हणजे दिवसाचे ९६ मिलिलिटर. दर दोन तासांनी पाजायचे तर बारा वेळा, एका वेळी ८ मिलिलिटर. औषधाचा हिशोब याहून बारीक. एक टिंब चुकीच्या जागी पडले तर दहापट औषध जाते. म्हणून मुलीचे गणित कच्चे असेल तर आत्तापासून दशांश अपूर्णांक पक्के करून घ्या. गटाचे व्याज तिलाच काढायला लावा.

यंत्रे असतातच, पण सगळेच यंत्राने होत नाही. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. स्वच्छ हात, आईचे दूध आणि आईच्या छातीची ऊब यांनी कितीतरी लहान बाळे जगतात. घाबरलेल्या आईला बाळ छातीशी कसे धरायचे हे शिकवणे, हेही नर्सचेच काम. आपली भाषा बोलणारी, आपल्या पाड्यावरची मुलगी तिथे असेल तर त्या आईला किती धीर येईल!

तयारी घरूनही करता येते. बाळंतपणानंतर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. बाळाचे वजन करतात, ताप बघतात. आशाताईंना आणि बाळाच्या आईला विचारून मुलीला एखाद्या भेटीला सोबत पाठवा. हात कसे धुतात, बाळाचा श्वास कसा मोजतात ते तिला बघू द्या. आणि या कामात दुःखही बघावे लागते, हे तिला आधीच सांगा. सगळी बाळे वाचत नाहीत. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात बाळांच्या कक्षाला आग लागली. दहा बाळे गेली, सात बाहेर काढता आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या विरारमध्येही एका अतिदक्षता विभागाला आग लागली. म्हणून नोकरीच्या पहिल्या दिवशी बाहेरचा रस्ता कुठला आणि आग विझवायचे नळकांडे कसे चालवायचे, हे नर्सने विचारून घ्यावे.

आता घरच्यांची तयारी. रात्रपाळी असणारच. दुपारपाळी सुटली की विरार स्टेशनवरून पाड्यापर्यंत रिक्षा मिळेलच असे नाही. घ्यायला कोण जाणार? रात्रपाळी करून आलेल्या मुलीला दिवसा झोपू देणार, की पाणी भरायला उठवणार? हे प्रवेशाआधी घरात बोलून घ्या. नाहीतर कोर्स पूर्ण होतो आणि नोकरी सुटते.

आमच्या गटाने आता कर्जाच्या वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहून ठेवलेत. कोर्सला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? कोर्स झाल्यावर नोंदणी मिळते का? शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो का? उत्तरे क्लासवाल्याच्या तोंडून घ्यायची नाहीत. परिषदेची यादी स्वतः बघायची, आणि गटातल्या दोघींनी कॉलेजात जाऊन यायचे. सही त्यानंतरच.

ती मुलगी यंदा जीएनएमच्या पहिल्या वर्षाला आहे. यादीत कॉलेजचे नाव आम्ही दोघींनी बोट ठेवून वाचले, मगच दुसरे कर्ज दिले. तिच्या आईचे पहिल्या कर्जाचे चार हप्ते अजून बाकी आहेत. त्यावरचे व्याज गटाने माफ केले, कारण त्या कागदावर आमच्याही सह्या होत्या.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुमच्या वहीतही हे तीन प्रश्न लिहून घ्या.