उत्तेजन, उत्तेजना आणि तितिक्षा



'उत्तेजना' हा शब्द आज वृत्तपत्रात 'उत्तेजित जमाव' म्हणून भेटतो, क्रीडापृष्ठावर 'उत्तेजक द्रव्य' म्हणून. चित्रपटाच्या जाहिरातीत तो ज्या अर्थाने येतो, तो घरात मोठ्याने वाचवत नाही. शब्दाची ही अवस्था नेहमीच नव्हती.

संस्कृतातील 'तिज्' या धातूचा अर्थ धार लावणे. तेज, तीक्ष्ण, तिग्म ही सारी त्याच कुळातील. बोथट पाते सहाणेवर घासून पुन्हा धारदार करावे, तसे उत्तेजन. पाते कशावर चालवावे, हे मात्र सहाण सांगत नाही.

मराठीने हा शब्द मोठ्या विवेकाने वापरला. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला चालविणाऱ्या सभेचे नाव 'वक्तृत्वोत्तेजक सभा'. ग्रंथलेखनासाठी 'ग्रंथोत्तेजक' संस्थाही पुण्यात झाली. पहिल्या तिघांत न आलेल्या मुलाला शाळेत 'उत्तेजनार्थ' पारितोषिक मिळते आणि त्याची आई ते प्रमाणपत्र पहिल्या क्रमांकाच्या निगुतीने जपून ठेवते. हिंदीत या अर्थी 'प्रोत्साहन' रूढ आहे. तेथील 'उत्तेजना' म्हणजे प्रक्षोभ. वाहिन्यांच्या भाषेतून तोच अर्थ आपल्याकडेही प्रबळ होत चालला आहे.

शरीर आणि मन यांची फारकत आपल्या पूर्वसूरींनी केली नाही. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. त्यांत रोमांच, स्वेद, कंप, अश्रू आहेत. भाव मनातला, खूण शरीरावरची. क्रोध वा भय दाटले की अ‍ॅड्रेनलीन स्रवते, नाडी जलद होते, हे आजचे शरीरशास्त्रही सांगते. पण रसशास्त्राने आणखी एक भेद केला. चांदणे, वसंत, कोकिळेचा स्वर हे 'उद्दीपन'. ते फक्त चेतवतात. मुळात स्थायी भाव हवा. तो नसेल तर उद्दीपन कितीही करा, राख फुंकल्यासारखेच! भ्रमणध्वनीवर आलेला एखादा संदेश वाचून रात्रभर पेटलेला तरुण आठवड्याने सेवावस्तीतील अभ्यासिकेत दिसत नाही, यात म्हणूनच नवल वाटू नये. वर्षानुवर्षे तेथे जाणारा कार्यकर्ता क्वचितच उत्तेजित दिसतो.

याच 'तिज्' धातूला पाणिनींनी क्षमेच्या, सहन करण्याच्या अर्थी 'सन्' प्रत्यय सांगितला आहे, आणि त्यातून शब्द झाला 'तितिक्षा'. धार देणे आणि सोसणे, दोन्ही एकाच मुळाची. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला प्रथम दुर्बलता टाकून उठण्यास सांगितले; आणि थोड्याच श्लोकांनंतर, दोन्ही सैन्ये समोर उभी असताना, शीत-उष्ण व सुख-दुःख यांविषयी त्याच्याकडे जी अपेक्षा केली, ती तितिक्षेची.